नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचं ऑनलाइन कलेक्शन: टियारावाल्या मुलींचे फोटो बघायची सगळ्यात धड जागा

राजघराण्यांचे जुने फोटो बघायचा नाद असलेली माणसं बरीच आहेत, उघडपणे कबूल करत नाहीत एवढंच. एखादी राणीबिणीची सिरीज संपली की पिंटरेस्टवर व्हिंटेज प्रिन्सेस टाकायचं आणि स्क्रोल करत बसायचं, आणि तिथे असतं काय तर मोत्याचा सर घातलेली दिसेल ती बाई रशियाची राजकन्या म्हणून चिकटवलेली, वर्ष चुकीचं, फोटोग्राफरचं नाव गायब, वर कुणीतरी एआयने रंग भरून गाल गुलाबी केलेले. अशा सगळ्यांना माझं सांगणं, ते सोडा आणि लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची वेबसाइट उघडा. फुकट आहे, बघायला अकाउंट लागत नाही, आणि विक्टोरिया राणीपासून केटपर्यंत ब्रिटनमधल्या राजकन्या, ड्यूकच्या बायका, अर्लच्या मुली (ड्यूक, अर्ल या तिथल्या सरदारकीच्या पदव्या), नुसत्याच श्रीमंत बापाच्या मुली, सगळ्या तिथे ओळीने बसलेल्या आहेत, नावगाव तारखेसकट.

गॅलरी १८५६ सालची. सुरुवात थोर पुरुषांच्या पेंटिंगपासून झाली, पण आता खरी मजा फोटोंच्या कलेक्शनमध्ये आहे. शोधायचे दोन रस्ते आहेत, फोटोत बसलेल्या माणसाच्या नावाने किंवा फोटोग्राफरच्या नावाने. सगळे पहिल्या रस्त्याने जातात, डायना टाकतात, केट टाकतात, आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. माझं ऐका, दुसऱ्या रस्त्याने जा. बसानो टाका, लाफायेत टाका, डोरोथी वाइल्डिंग टाका, यवॉन्ड टाका. म्हणजे मग एकेक सुंदर चेहरा न दिसता अख्खा कारखाना दिसायला लागतो.

उदाहरणार्थ बसानो. ओल्ड बाँड स्ट्रीटवरचा नावाजलेला स्टुडिओ, त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा साठा १९७४ मध्ये गॅलरीला मिळाला. प्रत्येक फोटोखाली एक कोरडी ओळ असते, कोण, कुठला स्टुडिओ, होल-प्लेट ग्लास निगेटिव्ह की हाफ-प्लेट (म्हणजे त्या काचेचा आकार केवढा), आणि बऱ्याचदा अगदी दिवसासकट तारीख. पहिल्यांदा ही ओळ कंटाळवाणी वाटते पण सगळा खेळ त्या ओळीतच आहे. तारीख कळली की त्या मुलीचं त्या आठवड्यात काय चाललं होतं ते शोधता येतं. साखरपुडा जाहीर झाला होता का, दरबारात पहिल्यांदा गेली होती का, नवरा नुकताच अर्ल झाला होता का. फोटो असाच, सहज, बुधवारी वेळ होता म्हणून काढलेला क्वचितच निघतो.

दरबारात जाणं हा काय प्रकार ते थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय यातले निम्मे फोटो कळत नाहीत. घराण्यातली मुलगी सतरा-अठरा वर्षांची झाली की तिला बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाराणीसमोर नेऊन गुडघ्यात वाकून नमस्कार करवायचा, पांढरा किंवा फिका ड्रेस, मागे लोळणारा शेपटासारखा लांब ट्रेन, आणि डोक्यात शहामृगाची तीन पिसं. पिसं कशी लावायची, किती लावायची याचेसुद्धा नियम होते. तो दिवस झाला की ती मुलगी डेब्युटंट, म्हणजे समाजात अधिकृतपणे आली, आणि मग उन्हाळाभर नाच, पार्ट्या, घोड्यांच्या शर्यती, थोडक्यात लग्न जमवायचा हंगाम. १९५८ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीने ही पद्धत बंद केली. तर फोटोत तीन पिसं आणि ट्रेन दिसला की समजायचं हा त्या दिवसाचा फोटो, आणि तो स्केच, टॅटलर, बायस्टँडर असल्या साप्ताहिकांत छापून यायचा. आपल्याकडे स्थळं बघायला लागली की मुलीला साडी नेसवून स्टुडिओत नेतात आणि तो फोटो बायोडेटाला लावतात ना, तेच, फक्त तिथे बायोडेटा सगळ्या देशाला वाटत होते.

कंट्री लाइफ नावाचं साप्ताहिक आहे, १८९७ पासून चालू, त्याचं पहिल्या पानावरचं मोत्यांच्या माळेतल्या मुलीचं पोर्ट्रेट इतकं ठरलेलं झालं की त्या पानाची चेष्टाच होऊन बसली. शेती, कुत्री, जुने वाडे यांच्या मासिकात ही मुलगी का, असा प्रश्न कुणाला पडत नसे. जमीन, वाडा आणि मुलगी एकाच अंकात बघून घ्या, झालं काम.

आता पैशाचं गणित, जे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं आणि वेबसाइट त्याबद्दल फारसं बोलत नाही. १८६२ मध्ये ब्रिटनमध्ये कलाकृतींच्या हक्काचा एक कायदा आला, त्यात फोटोसुद्धा धरले. त्यानुसार तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतला तर हक्क तुमचा. पण स्टुडिओने स्वतःहून बोलावलं, एक पैसा न घेता फोटो काढला, तर हक्क स्टुडिओचा. मग स्टुडिओवाल्यांनी काय केलं असेल? लेडी अमुकतमुकला आदराने पत्र, आपण आमच्याकडे यावं, आपल्याकडून काही घेणार नाही. ती येणार, दोनचार प्रिंट भेट म्हणून घरी नेणार, खूश. आणि इकडे स्टुडिओ तोच फोटो मासिकांना विकणार, दुकानात विकणार, शिवाय शोकेसमध्ये लावून गावातल्या वकील-डॉक्टरांच्या बायकांकडून पूर्ण दर घेणार कारण त्यांनाही जिथे लेडी अमुक बसली तिथेच बसायचं असतं. म्हणजे मुलीला प्रसिद्धी, स्टुडिओला पैसा, मासिकाला चेहरा, आणि कुणी कुणाला उपकार केल्यासारखं बोलायचं नाही. आताच्या इन्फ्लुएन्सर लोकांना वाटतं हे आपणच शोधून काढलं.

आणि धंदा लहानसहान नव्हता. १८६० मध्ये मेयॉल नावाच्या फोटोग्राफरने विक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे छोट्या कार्डावरचे फोटो विकायला काढले आणि लोकांनी अक्षरशः उड्या मारल्या. घराघरांतल्या अल्बममध्ये आपल्या आत्या-मावशीच्या शेजारी राणी. मग १८६८ च्या आसपासचा तो विक्टोरियाची सून प्रिन्सेस अलेक्झांड्रा हिचा फोटो, डब्ल्यू अँड डी डाउनी यांनी काढलेला, बाळ लुईजला पाठुंगळी घेतलेली. तीन लाखांच्या घरात प्रती खपल्या असं सांगतात. बघा तो फोटो, टियारा नाही, सिंहासन नाही, खांद्यावरून डोकावणारं पोर. आजही राजवाड्यातून पोरांचे वाढदिवसाचे फोटो येतात, गवतात लोळताना, स्वेटर घालून, ते सगळे त्या पाठुंगळीचे वंशज. साधेपणा खपतो हे त्या घराण्याला तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतर १८७०-८० च्या दशकात वेगळंच सुरू झालं. प्रोफेशनल ब्यूटी म्हणायचे त्यांना, चांगल्या घरातल्या, लग्न झालेल्या बायका, ज्यांचे फोटो दुकानाच्या काचेत लागायचे आणि कुणीही येऊन विकत घ्यायचं. लिली लँगट्री त्यातली सगळ्यात गाजलेली, ती काही सरदारघराण्यातली नव्हती, जर्सी बेटावरच्या धर्मगुरूची मुलगी, पण तिच्या शेजारच्या फोटोत काउंटेस, म्हणजे अर्लची बायको, असायची. म्हणजे दुकानाच्या काचेत दोघी सारख्याच. याच्यावर तेव्हा बरीच नाकं मुरडली गेली, आणि नाकं मुरडणाऱ्यांनी फोटो घेतलेच नाहीत असं मला तरी वाटत नाही.

१८९७ च्या डेव्हनशायर हाउस बॉलचे फोटो जरूर बघा, गॅलरीकडे त्याचा सेट आहे. विक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या वर्षी डचेस ऑफ डेव्हनशायरने फॅन्सी ड्रेस पार्टी दिली, २ जुलैला, सगळी बडी मंडळी इतिहासातले राजेराण्या होऊन आली, यजमानीणबाई स्वतः झेनोबिया राणी, काउंटेस ऑफ वॉरिक मारी आंत्वानेत. लाफायेत कंपनीने बागेत तंबू ठोकून फोटो काढले. गंमत अशी की बरेच फोटो त्या रात्रीचे नाहीतच, नंतर स्टुडिओत परत तेच कपडे घालून जाऊन काढलेत. पार्टी एक रात्र, फोटो पुढे किती दिवस. आणि चेहरे बघाल तर एकीचाही मजा येत असल्यासारखा नाही, डोक्यावर पाच किलोचं काहीतरी असल्यासारख्या उभ्या. बहुतेक असेलच.

बरं आता मुख्य गोष्टीकडे येते. या साइटवर एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर यवॉन्ड बघा. मॅडम यवॉन्ड, जन्म १८९३, तरुणपणी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत, मग लॅली चार्ल्स नावाच्या त्या काळच्या बड्या फोटोग्राफरबाईकडे शिकली आणि १९१४ मध्ये स्वतःचा स्टुडिओ टाकला. तेव्हाची सोसायटी पोर्ट्रेट म्हणजे मऊमऊ, धुकट, मुलगी खिडकीकडे बघतेय, हातात लिली. यवॉन्डने त्याचा निकालच लावला. १९३० च्या दशकात विवेक्स म्हणून रंगीत फोटोची प्रोसेस आली होती, एकाच दृश्याची तीन वेगवेगळी निगेटिव्ह घ्यायची, तीन रंगांसाठी, आणि मग कागदावर एकावर एक बसवायची, जरा हललं की चेहऱ्याला रंगीत कडा. बाकीचे फोटोग्राफर रंग म्हणजे सवंगपणा म्हणून नाक वर करत होते आणि ही बाई म्हणत होती की रंग वापरायचाच तर दंगा होऊ दे.

१९३५ मधली तिची देवींची सिरीज हा त्या दंग्याचा कळस. त्या वर्षी मार्चमध्ये लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात ऑलिम्पस, म्हणजे ग्रीक देवांचा डोंगर, या थीमवर चॅरिटी पार्टी झाली होती, बड्या घरच्या बायका ग्रीक-रोमन देवी होऊन आल्या होत्या. यवॉन्डने तिथून धागा उचलला आणि त्या वर्तुळातल्या बायकांना स्टुडिओत आणून एकेकीला देवी केलं. मिसेस एडवर्ड मेयर केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा, डोक्याभोवती गळ्याभोवती रबराचे साप, चेहऱ्यावर थंड प्रकाश, आणि नजर अशी की मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले. लेडी मिलबँक अॅमेझॉनांची राणी पेन्थेसिलिया, मरतेय, गळ्यात बाण. लेडी कॅम्पबेल मेलेल्या मुलांसाठी रडणारी नायोबी, नुसता चेहरा आणि अश्रू, अश्रूंसाठी ग्लिसरीन. एलीन बाल्कन युद्धाची आणि शहाणपणाची देवी मिनर्व्हा झाली तर हातात भाला नाही, पिस्तूल! शेजारी घुबड. अर्लची मुलगी लेडी ब्रिजेट पूलेट जलदेवता अरेथुसा.

हे सगळं आता फॅशन शूटसारखं वाटतं पण जरा विचार करा, या बायकांचं समाजातलं काम होतं छान, शांत आणि कुणाची तरी मिसेस दिसणं, आणि इथे त्या चिडलेल्या, मरणाऱ्या, शस्त्र घेतलेल्या आहेत, आणि स्वतःहून येऊन बसल्यात. कॅप्शनमध्ये मात्र बऱ्याच जणी अजून नवऱ्याच्या नावानेच आहेत. मेड्युसासुद्धा मिसेसच.

प्रेमाची देवी व्हीनस कोण झाली होती माहितीये? डायना मिटफर्ड, लॉर्ड रीड्सडेलची मुलगी. तो फोटो मिसेस ब्रायन गिनेस या नावाने ओळखला जातो, पण १९३५ पर्यंत तिचा त्या गिनेसशी घटस्फोट होऊन गेला होता आणि ती ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑसवाल्ड मोझली याच्या प्रेमात होती. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न बर्लिनमध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या घरी झालं, हिटलर हजर. १९४० मध्ये ती तुरुंगात. फोटोत यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, गोरीपान, निळसर, स्वप्नाळू. म्हणूनच मला या साइटवरच्या सिटरच्या, म्हणजे फोटोत बसलेल्या व्यक्तीच्या, पानावरची एक सोय फार आवडते, बाईचं नाव देताना पुष्कळदा माहेरचं आडनाव, नंतरचं पद, जन्म-मृत्यूची वर्षं हे सगळं जोडून देतात, त्यामुळे एकच मुलगी तीन नावांनी तीन ठिकाणी हरवत नाही.

यवॉन्डच्या रंगीत निगेटिव्हचा साठा गॅलरीने २०२१ मध्ये घेतला, त्यावर काम केलं आणि २०२३ मध्ये इमारत तीन वर्षांच्या दुरुस्तीनंतर उघडली तेव्हा पहिल्या मोठ्या प्रदर्शनांमध्ये यवॉन्ड होती. विवेक्सचा कारखाना १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर बंद पडला, त्यामुळे ते रंग परत तसे कधी कुणाला मिळाले नाहीत. राजघराण्यातल्या व्यक्तीची टिकून राहिलेली सगळ्यात जुनी रंगीत प्रिंट म्हणून जी दाखवतात तीही यवॉन्डचीच, १९३५ ची, प्रिन्सेस अॅलिस, डचेस ऑफ ग्लॉस्टर, लग्नाच्या दिवशीची. ती मात्र रॉयल कलेक्शनकडे आहे, इथे शोधत बसू नका.

देवींच्या त्या सिरीजमध्ये ट्रॉयची हेलन पण आहे, आणि तिच्यासाठी एक संध्याकाळ काढा. मार्गारेट व्हिगम. जन्म १९१२, सरदारघराणं वगैरे काही नाही, स्कॉटिश कोट्यधीशाची मुलगी, १९३० च्या हंगामातली सगळ्यात गाजलेली डेब्युटंट. एका अर्लशी साखरपुडा मोडून १९३३ मध्ये चार्ल्स स्वीनी या अमेरिकन गोल्फरशी लग्न, ड्रेस नॉर्मन हार्टनेलचा, चर्चबाहेर एवढी गर्दी की रस्ता बंद. मग हेलन. मग १९५१ मध्ये ड्यूक ऑफ आर्गाइलशी दुसरं लग्न आणि ती डचेस. तिचे फोटो तारखेप्रमाणे लावून बघा, मुलगी आधी फोटोग्राफरचं ऐकताना दिसते, मग हळूहळू फोटोग्राफर तिचं ऐकायला लागतो. कुठली बाजू, हनुवटी किती वर, मोती किती सर, सगळं तिला पाठ. आणि १९६३ च्या घटस्फोटाच्या खटल्यात तिला संपवलं कशाने, तर फोटोंनीच! नवऱ्याने तिच्या कपाटातून काढलेले खासगी पोलरॉइड कोर्टात आले, आणि त्यात तिची ओळख म्हणून सांगितली गेली ती तीच मोत्याची माळ. न्यायाधीशाने निकालात तिच्याबद्दल जे लिहिलं ते वाचून आजही राग येतो. फोटोतला पुरुष कोण यावर लोकांनी पन्नास वर्षं चघळलं, पण त्याला काही झालं नाही. तीस वर्षं पोर्ट्रेट स्टुडिओंनी जिचा चेहरा विकला तिचं शेवटी असं झालं, आणि गॅलरीच्या पानावर तिचे सगळे फोटो सभ्य, रेशमी, निवांत. ते पोलरॉइड तिथे नाहीत आणि नसावेतच, पण एका ओळीत उल्लेख करायला हरकत नव्हती असं माझं मत.

राजघराण्यातल्या प्रत्यक्ष राजकन्यांचे फोटो भरपूर आहेत पण खरं सांगायचं तर देवींनंतर ते जरा अळणी लागतात. सेसिल बीटन त्यात सगळ्यात मोठं नाव. हा गडी आधी स्वतःच्या बहिणींना, नॅन्सी आणि बाबा, सेलोफेन आणि चंदेरी कागदात गुंडाळून फोटो काढायचा आणि मासिकांना पाठवायचा, त्या फोटोंच्या शिडीवरून स्वतः सोसायटीत चढला. १९३० चा त्याचा साबणाच्या फुग्यांचा ग्रुप फोटो बघा, बाबा, लेडी ब्रिजेट पूलेट आणि आणखी एक. १९३८ मध्ये अमेरिकन व्होगमधल्या चित्रात ज्यूंविरुद्ध घाण मजकूर घुसडल्यामुळे त्याची नोकरी गेली होती, आणि पुढच्याच वर्षी बकिंगहॅम पॅलेसमधून बोलावणं आलं, तेव्हाच्या राणीचे, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या बायकोचे, फोटो काढायला. त्याचं करिअर वाचलं. १९५१ मध्ये प्रिन्सेस मार्गारेटचा एकविसाव्या वाढदिवसाचा फोटो, डायोरचा पांढरा ड्रेस, हा त्याचाच, आणि १९५३ मधला एलिझाबेथचा राज्याभिषेकाचा पण. त्यातलं मागचं वेस्टमिन्स्टर अॅबी खरं नाहीये बरं का, राजवाड्यातच रंगवलेला पडदा लावून काढलाय. कळल्यावर मला तो फोटो जास्त आवडायला लागला.

डोरोथी वाइल्डिंग उलट टोकाची, मागे काही नाही, नुसता पांढरा किंवा काळा, आणि कडक प्रकाश. १९५२ मध्ये नव्या राणीचे तिने काढलेले फोटो टपाल तिकिटांवर गेले आणि १९६७ पर्यंत तेच चालले. पंचविशीतली मुलगी, जिचा चेहरा देशातला प्रत्येक माणूस जीभ लावून पाकिटावर चिकटवतो, विचार करा. हाताने रंगवलेल्या प्रिंट साइटवर आहेत, झूम करून बघा.

डायनाच्या बाबतीत मात्र ही जागा अपुरी पडते, आणि त्यात गॅलरीचा दोष नाही. लेडी डायना स्पेन्सर, अर्लची मुलगी, १९ वर्षांची, सप्टेंबर १९८० मध्ये पिम्लिकोच्या बालवाडीबाहेर, काखेत मुलं, मागून ऊन आणि स्कर्टमधून दिसणारे पाय, तो फोटो कुठल्याही स्टुडिओचा नाही, बातमीदार फोटोग्राफरचा. नंतर फोटोग्राफर लॉर्ड स्नोडनने व्होगसाठी तिला फिक्या गुलाबी रफलच्या ब्लाउजमध्ये बसवलं, तो ब्लाउज इमॅन्युएल जोडप्याचा, आणि त्यातूनच त्यांना लग्नाचा ड्रेस मिळाला. म्हणजे स्टुडिओ तिची प्रतिमा सावरायला आला, पण रस्त्यावरचा फोटो पुढे निघून गेला होता. त्यानंतर कुठल्याच घरंदाज मुलीची प्रतिमा फक्त स्टुडिओत ठरली नाही. पोर्ट्रेट गॅलरी पोर्ट्रेट ठेवणार, त्यामुळे पाठलागाचे, दाराबाहेरचे फोटो बघायला दुसरीकडे जावं लागतं.

केटचं प्रकरण त्यामानाने मजेशीर. ती २०१२ पासून या गॅलरीची पेट्रन, म्हणजे आश्रयदाती, आणि २०२२ मध्ये तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला पाओलो रोव्हर्सीने काढलेले तीन फोटो याच गॅलरीच्या कलेक्शनला गेले. क्यू गार्डन्समध्ये काढलेत, अॅलेक्झांडर मॅक्वीनचे ड्रेस, प्रकाश असा धुकट मऊ की यवॉन्ड ज्याच्यावर वैतागली होती तेच परत आलं. सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण बघताना बाई दिसत नाही, भावी राणी दिसते, आणि तेच त्या फोटोंचं काम होतं. आणि मग मार्च २०२४ मधला तो मदर्स डेचा फोटो आठवा, मुलीच्या बाहीची कड गडबडलेली, मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी फोटो मागे घेतला, दुसऱ्या दिवशी तिने एडिटिंग केल्याचं सांगून माफी मागितली. लोकांना धक्का बसला म्हणे. बसानोच्या काळी निगेटिव्हवर पेन्सिलीने कंबर, हनुवटी, डोळ्याखालच्या रेषा नीट करणारी माणसं पगारावर असायची, हे सगळ्याच बड्या स्टुडिओत चालायचं. फरक इतकाच की तेव्हा ते काम नीट जमणाऱ्याकडे द्यायचे.

आता जिथे मार्क कापते ते. त्या रिटच करणाऱ्यांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. केस बांधणारी, ट्रेन पसरवणारी, दागिने घेऊन दारात उभी असलेली, कुणीच नाही. फोटोग्राफर आणि सिटर, बस्स. कॅप्शन पण बऱ्याच ठिकाणी इतकं कंजूष की स्वतःला थोडाफार इतिहास माहीत नसेल तर शंभर सारख्याच गोऱ्या मुली बघितल्यासारखं होतं. नवीन माणसाने कुठून सुरू करावं याला अजून मोठी पाटी हवी. आणि हिंदुस्थानातून गेलेल्या राजकन्या शोधायच्या तर स्पेलिंगची कसरत, कारण नाव, संस्थान आणि पदवी यातलं काय धरून नोंद केलीय याचा अंदाज घ्यावा लागतो. मला इथे बडोद्याच्या इंदिराराजे सारख्या आठवतात, सयाजीरावांची मुलगी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडून १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या जितेंद्र यांच्याशी लग्न केलं. कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं हे त्या मुलीला कुणा लेडीइतकंच कळत होतं, शिफॉनची साडी आणि मोती, एवढंच. डेब्युटंटांच्या रांगेत तिला डोळ्यासमोर उभी करून बघा, पिसांच्या त्या सगळ्या मुली जरा शाळकरीच वाटायला लागतात.

हक्कांचं पण समजून घ्या. गॅलरी याबाबत पूर्वीपासून कडक, २००९ मध्ये हजारो चित्रांच्या मोठ्या फायली विकिपीडियावाल्यांच्या साठ्यात गेल्यावरून कायदेशीर नोटिशीपर्यंत गेलं होतं. आता बऱ्याच फोटोंना बिनव्यावसायिक कामासाठी छोटी फाइल फुकट मिळते, अट वाचून टिक करायची. सगळ्यांना नाही, ज्या फोटोंचा हक्क दुसऱ्याकडे आहे ते नुसते बघायचे. छापायला, विकायला वापरायचं तर परवाना आणि पैसे. प्रिंट विकत मिळतात, साइज आणि फ्रेमप्रमाणे पौंडात भाव. माझं मत विचाराल तर काळ्या-पांढऱ्या फोटोंची प्रिंट घेण्यात फार अर्थ नाही, स्क्रीनवर तेवढंच दिसतं. यवॉन्डची मात्र कागदावरच बघावी, तो लाल रंग मोबाइलवर वेगळा आणि लॅपटॉपवर वेगळा दिसतो.

लंडनला कुणी जाणार असेल तर प्रत्यक्ष गॅलरी ट्राफलगर स्क्वेअरच्या मागेच आहे, कायमच्या कलेक्शनला तिकीट नाही, स्पेशल प्रदर्शनाला असतं. नवीन दरवाजे बघायला विसरू नका, ट्रेसी एमिन या चित्रकर्तीने काढलेले पंचेचाळीस बायकांचे चेहरे ब्राँझमध्ये ओतलेत, एकीचंही नाव नाही, आणि आत गेलं की भिंतीभर पदव्यांसकट नावं. काळाच्या क्रमाने वरून खाली येता येतं. पण फोटो नाजूक असतात, उजेडाने उडतात, त्यामुळे भिंतीवर एका वेळी थोडेच असतात आणि बदलत राहतात. अमुक एक फोटो बघायलाच जाणार असाल तर तो सध्या लावलाय का ते त्या फोटोच्या पानावर बघून मगच निघा.

मी पाचपैकी चार देते. सुरुवात मेड्युसापासून करा, मग सिरीजमधली एकेक बाई उघडून तिचे बाकीचे फोटो बघा, आणि कुठली बाई सापडली ज्याबद्दल कॅप्शनमध्ये काहीच नाही तर पानाखाली माहिती कळवायची सोय आहे, तिथे लिहा. नातवंडं-पणतवंडं लिहितात तिथे कधी कधी, आणि ते वाचायला फोटोपेक्षा जास्त मजा येते.